घरी निर्धोक, सीमेपलीकडे अडचणीचे

अमेरिकन प्रवाशाचे एक ठरीव चित्र जगभर रंगवले जाते. तो मोठ्याने बोलतो, सगळीकडे इंग्रजी चालणारच असे धरून चालतो आणि दिसेल त्या गोष्टीची आपल्या देशाशी तुलना करतो. ओहायोत इतकी वर्षे राहिल्यावर मला हे चित्र अन्यायाचे वाटते. माझे शेजारी परदेशी जायचे ठरले की सहा-सहा महिने आधीपासून वाचन करतात, चार शब्द शिकतात, कोणाला काय भेट न्यावी याची आस्थेने चौकशी करतात. त्यांतले काही जण सल्ला विचारायला आमच्याकडे येतात, कारण दोन देशांतली राहणी आम्ही जवळून पाहिली आहे, अशी त्यांची समजूत असते. हे लोक अडचणीत येतात ते उद्धटपणामुळे नव्हे. अमेरिका इतकी अवाढव्य आणि तिथली रोजची व्यवस्था किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत इतकी एकसारखी आहे, की जे घरी रोज चालते त्यात आक्षेपार्ह काही असू शकेल, ही शंकाच माणसाला शिवत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या हाती आता अमेरिकन पासपोर्ट आहे, त्यांनाही हे तितकेच लागू होते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे औषधांचा बटवा. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक दांपत्य चेरीच्या बहराच्या दिवसांत जपानला निघाले होते. सामान भरता भरता त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर त्यांची गोळ्यांची डबी दाखवली. सात वारांचे सात खण, प्रत्येक खणात चार-पाच रंगांच्या गोळ्या, आणि मूळ बाटल्या मात्र घरी ठेवायच्या, कारण त्या जागा खातात. शेजारी सर्दीच्या गोळ्यांचे एक पाकीट होते. अमेरिकेत हे पाकीट औषधांच्या दुकानात ओळखपत्र दाखवून कोणालाही मिळते. त्यातला मुख्य घटक स्युडोएफेड्रिन. हा घटक १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेले औषध जपानमध्ये नेण्यास मनाई आहे आणि अमेरिकेत मिळणारी या जातीची नेहमीची सर्दीची गोळी त्या मर्यादेत बसत नाही. एकाग्रतेच्या त्रासासाठी अमेरिकेत असंख्य मुले आणि मोठी माणसे जे अ‍ॅडरॉल घेतात, त्यात अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य असल्यामुळे डॉक्टरची चिठ्ठी जवळ असली तरी ते जपानमध्ये नेता येत नाही. इतर साधी, डॉक्टरने लिहून दिलेली औषधे एक महिन्यापुरती विनापरवाना नेता येतात. त्याहून जास्त न्यायची असली तर निघण्यापूर्वी जपानच्या आरोग्य खात्याकडून आयात-प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या दांपत्याने सर्दीच्या गोळ्या घरी ठेवल्या आणि बाकीच्या गोळ्या लेबल असलेल्या मूळ बाटल्यांत परत भरल्या. मला विचाराल तर परदेशप्रवासाच्या तयारीत यापेक्षा महत्त्वाचे काम दुसरे नाही.

हे मी उगाच भीती घालण्यासाठी सांगत नाही. २०१५ मध्ये टोयोटाच्या ज्येष्ठ अमेरिकन अधिकारी जुली हॅम्प यांना टोकियोत अटक झाली, ती अमेरिकेहून पार्सलने आलेल्या ऑक्सिकोडोनच्या वेदनाशामक गोळ्यांवरून. सुमारे तीन आठवडे त्या कोठडीत होत्या. पुढे खटला न भरता त्यांना सोडण्यात आले, पण तोपर्यंत त्यांनी पदाचा राजीनामा दिलेला होता. जपानमध्ये आरोपपत्र न ठेवता एखाद्याला २३ दिवसांपर्यंत अडकवून ठेवता येते आणि ‘आमच्याकडे असे नसते’ हे वाक्य तिथे कामाला येत नाही. संयुक्त अरब अमिरातींत कोडीन किंवा ट्रामाडोल ही वेदनाशामक द्रव्ये असलेली औषधे नेण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, आणि दुबईत नुसते विमान बदलणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवायला हवे. गांजाच्या कुळातल्या सीबीडी तेलाचे तसेच. अमेरिकेत २०१८ च्या शेतीविषयक कायद्यानंतर ते किराणा दुकानांतसुद्धा दिसू लागले, सांधेदुखीसाठी आजीबाई ते चोळू लागल्या. हाँगकाँगने मात्र १ फेब्रुवारी २०२३ पासून त्याची गणना अमली पदार्थांत केली आहे. बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्रायनर यांची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर त्यांच्या सामानात गांजाच्या तेलाच्या नळ्या सापडल्या, न्यायालयाने नऊ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत त्या सुटल्या. त्या प्रकरणात राजकारण होतेच. पण अ‍ॅरिझोनात डॉक्टरच्या सल्ल्याने चालणारी वस्तू दुसऱ्या देशात तुरुंगात पोहोचवू शकते, हे त्यातून अगदी शाळकरी मुलालाही कळले.

औषधांनंतर क्रम लागतो काडतुसांचा आणि भारतात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट प्रथम खरीच वाटत नाही. ओहायो, पेनसिल्व्हेनिया, टेक्सास या भागांत शरद ऋतूत शिकारीला जाणे हा घरोघरचा परिपाठ आहे. तीच पिशवी पुढे समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीला नेली जाते आणि अस्तराच्या एखाद्या कोपऱ्यात एक-दोन काडतुसे राहून गेलेली असतात. कॅरिबियन समुद्रातल्या टर्क्स अँड केकोस बेटांवर २०२४ मध्ये अशाच कारणावरून अनेक अमेरिकन पर्यटक पकडले गेले. तिथल्या कायद्यात किमान शिक्षा १२ वर्षांची होती. लहान मुलांचे आईबाप खटला संपेपर्यंत बेटावर अडकून पडले, घरी मुले नातेवाइकांकडे. अखेरीस दंड आणि स्थगित शिक्षेवर त्यांची सुटका झाली आणि त्याच वर्षी कायद्यात बदल करून न्यायाधीशांना सवलतीचा अधिकार देण्यात आला. मेक्सिकोतही परवान्याशिवाय एक काडतूस जवळ बाळगणे गुन्हाच आहे. म्हणून शिकारीची पिशवी प्रवासाला नेऊच नये, नवी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. पिशवीची किंमत त्या बारा वर्षांपुढे काहीच नाही.

अशा वेळी वकिलात धावून येईल, हा विश्वास अमेरिकन माणसाच्या मनात खोल रुजलेला असतो. वकिलातीचा अधिकारी कोठडीत भेटायला येतो, स्थानिक वकिलांची यादी देतो, घरच्यांना कळवतो. तो कोणाला सोडवून आणू शकत नाही. १९९४ मध्ये सिंगापुरात मोटारींची नासधूस केल्याबद्दल मायकेल फे या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलाला छडीचे सहा फटके सुनावले गेले, तेव्हा खुद्द अध्यक्ष क्लिंटन यांनी दयेची विनंती केली. सहाचे चार झाले, एवढेच.

गाडी भाड्याने घेणे ही दुसरी मोठी जागा, जिथे सवयच वैरी होते. अमेरिकेत बहुतेक पंपांवर हिरवी मूठ डिझेलची आणि काळी मूठ पेट्रोलची असते. युरोपात बहुधा याच्या नेमके उलट: हिरवी पेट्रोलची, काळी डिझेलची. त्यात डिझेलची नळी जाड असल्यामुळे ती पेट्रोलच्या गाडीत शिरतच नाही आणि तो प्रवासी आपोआप वाचतो. पण भाड्याची गाडी डिझेलची असेल आणि चालकाने सवयीने हिरवी मूठ उचलली, तर पेट्रोलची बारीक नळी डिझेलच्या टाकीत सहज उतरते, गाडी थोडे अंतर जाऊन बंद पडते आणि सबंध टाकी उपसण्याचा खर्च त्याच्या गळ्यात येतो, कारण भाड्याच्या विम्यात ही चूक सहसा धरलेली नसते. फ्रान्समध्ये पंपावर ‘गाझोल’ लिहिलेले असते ते डिझेल. पेट्रोलला ‘गॅस’ म्हणणाऱ्या माणसाची तिथे हमखास फसगत होते. युरोपीय संघाने २०१८ पासून पंपांवर आणि नव्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणावर सारख्या खुणा लावल्या आहेत: पेट्रोलला वर्तुळ, डिझेलला चौकोन. रंग आणि शब्द दोन्ही विसरून ती खूण जुळवावी, म्हणजे काळजी मिटते.

तांबड्या दिव्यावर थांबून उजवीकडे वळण्याची मुभा अमेरिकेत जवळजवळ सर्वत्र आहे, युरोपात साधारणपणे नाही. इटलीत फ्लॉरेन्स, रोम, पिसा यांच्या जुन्या पेठांत प्रवेशाचा खास परवाना नसलेल्या गाड्यांना बंदी असते. तिथे ना अडसर असतो ना शिपाई. फक्त एक पाटी आणि वर कॅमेरा असतो. प्रवासी मायदेशी परततो, सहलीचे फोटोही लावून होतात आणि काही महिन्यांनी भाड्याच्या गाडीच्या कंपनीकडून प्रक्रिया-शुल्क आणि मागाहून नगरपालिकेचा दंड, असे दोन वेगवेगळे कागद येतात. रस्ता चुकून त्याच चौकातून तो तीनदा फिरला असेल, तर दंडही तीन. जपान आणि इटली या दोन्ही देशांत गाडी चालवायला अमेरिकन वाहनपरवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना लागतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या कार्यालयात दोन फोटो आणि २० डॉलर दिले की तो मिळतो. परदेशात पोहोचल्यावर मात्र तो काढणे सोपे नाही, म्हणून तिकीट काढले त्याच आठवड्यात हे काम उरकावे.

पैशांच्या व्यवहारातला सर्वांत नाजूक भाग टिपचा, आणि तो समजून घ्यायचा तर अमेरिकेतले कारण माहीत हवे. तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान केंद्रीय वेतन ताशी २.१३ डॉलर आहे आणि १९९१ पासून त्यात एका सेंटचीही वाढ झालेली नाही. काही राज्यांनी आपापला दर वाढवला आहे, पण बाकी ठिकाणी वाढप्याचे घर खरोखरच गिऱ्हाइकाच्या टिपवर चालते. म्हणून २० टक्के ठेवले नाहीत तर अमेरिकन माणसाला मनापासून अपराधी वाटते, आणि या भावनेबद्दल मला आदर आहे. पण फ्रान्समध्ये सेवेचे शुल्क पदार्थाच्या छापील किमतीतच धरलेले असते, तिथे वर चार नाणी ठेवली तरी पुष्कळ झाले. जपानमध्ये टेबलावर ठेवलेले पैसे विसरले असे समजून वाढपी रस्त्यापर्यंत मागे धावत येतो आणि दोघेही अवघडतात. याच्या जोडीला कार्डाच्या यंत्रावर येणारा एक प्रश्न सांगायलाच हवा. यंत्र विचारते, पैसे डॉलरमध्ये द्यायचे की युरोमध्ये? डॉलरचा आकडा ओळखीचा असल्यामुळे बोट तिकडेच वळते, आणि त्या परिवर्तनात दुकानाकडची यंत्रणा स्वतःचा वाढीव दर लावते. नेहमी स्थानिक चलनाचेच बटण दाबावे.

आता शिष्टाचाराविषयी, कारण मला खरी तळमळ आहे ती याची. अमेरिकन माणूस अनोळखी माणसाकडे पाहून हसतो, पहिल्या नावाने हाक मारतो, रांगेत उभ्या असलेल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतो, आणि हे त्याचे खरेखुरे सौजन्य असते. लियाँमधल्या एका बेकरीत सकाळच्या वेळी मी एका अमेरिकन बाईंना पाहिले. त्या आत आल्या, प्रसन्न हसल्या आणि थेट ‘दोन क्रोआसाँ मिळतील का?’ असे अदबीने विचारले. काउंटरमागच्या बाईंचा चेहरा मिटला. त्यांनी एक क्षण थांबून, सावकाश, ‘बाँझूर, मादाम’ म्हटले आणि उत्तराची वाट पाहू लागल्या. पाहुणीला वाटले आपले बोलणे कळले नाही, म्हणून तिने तेच वाक्य थोड्या चढ्या आवाजात पुन्हा म्हटले. फ्रान्समध्ये दुकानात शिरणे म्हणजे दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकणे, आणि तिथे आधी अभिवादन, मग काम, हा क्रम मोडला की पुढचे सगळे गोड शब्द वाया जातात. त्या दोघीही आपापल्या परीने नीट वागत होत्या आणि दोघींच्या मनात दुसरी उद्धट ठरली, याचे मला वाईट वाटले. मागून येणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दारातूनच सगळ्यांना उद्देशून ‘बाँझूर’ म्हटले आणि दुकान पुन्हा पहिल्यासारखे झाले.

बिलाचेही असेच गैरसमज होतात. अमेरिकेत जेवण आटोपता आटोपता वाढपी बिल आणून ठेवतो आणि ती तत्परता समजली जाते. स्पेन-इटलीत न मागता बिल ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठवणे, त्यामुळे वाढपी येत नाही. अमेरिकन कुटुंब अर्धा तास ताटकळत बसते आणि घरी येऊन तिथली सेवा वाईट होती असे लिहिते. आवाजाबद्दल एवढेच म्हणेन की अमेरिकेतली उपाहारगृहे, घरे, अंगणे सगळीच ऐसपैस आहेत आणि आवाज त्या जागेच्या मापाने घडलेला असतो. टोकियोच्या लोकलच्या डब्यात, जिथे माणसे फोनवरही बोलत नाहीत, तो आवाज सगळा डबा व्यापतो.

विजेची गोष्ट थोडक्यात संपते. अमेरिकेत १२० व्होल्ट, युरोपात आणि भारतात २३० च्या आसपास. फोनच्या आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० लिहिलेले असते, ते कुठेही चालतात. केस वाळवायचे यंत्र मात्र बहुधा फक्त १२० चे असते आणि नुसता पिनेचा अडॅप्टर लावला तर ते मिनिटभरात जळते, कारण अडॅप्टर फक्त पिना बदलतो, दाब नाही. तारखेचा घोळही ध्यानात ठेवावा. अमेरिकेत महिना आधी लिहितात, उर्वरित जगात बहुधा दिवस आधी, म्हणून हॉटेलच्या आरक्षणावर ४/७ दिसले की महिना अक्षरांत लिहून खात्री करून घ्यावी. कागदपत्रांतही अलीकडे बदल झाले आहेत. ८ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनला जाणाऱ्या अमेरिकन नागरिकाला आधी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. युरोपातल्या सामाईक सीमा असलेल्या शेंगेन देशांतून परत निघण्याच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध हवा, आणि कोणत्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस तिथे राहता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन ये-जा नोंदवणारी संगणकीय पद्धत सुरू झाल्यामुळे हे दिवस आता नेमके मोजले जातात.

भारतात येणाऱ्या अमेरिकन पाहुण्यांबाबत यजमान म्हणून आपलीही जबाबदारी आहे. लग्नाला मित्रमंडळी बोलावताना आपण त्यांना कुर्ता कुठला घ्यावा ते सांगतो. पण डोंगरात फिरणाऱ्यांकडे हमखास असणारे उपग्रहावरून संदेश पाठवण्याचे छोटे यंत्र किंवा सॅटेलाइट फोन दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय भारतात आणणे बेकायदा आहे, हे सांगायचे राहून जाते. अमेरिकेत हे यंत्र जवळ ठेवणे शहाणपणाचे मानले जाते. गोव्याच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत अशा यंत्रांवरून परदेशी पाहुण्यांना पोलिसांपुढे उभे राहावे लागले आहे. नुकतेच नागरिकत्व घेतलेल्या आपल्या लोकांनाही भारताचा व्हिसा किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड लागते, आणि तिकिटे काढून झाल्यावर हे आठवलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. जेवणाच्या पंगतीत ‘नको’ म्हटल्यावरही वाढणारी मावशी आणि पानात टाकू नये म्हणून डोळ्यांत पाणी येईपर्यंत जेवणारा पाहुणा, या दोघांचीही आधी समजूत घालावी. त्याला पानावर आडवा हात कसा धरायचा ते शिकवावे आणि मावशीला सांगावे की त्याचा पहिला नकार खरा असतो.

सर्वांत गंभीर गोष्ट शेवटी सांगतो, कारण ती आपल्या घरातल्या ज्येष्ठांशी निगडित आहे. मुलांच्या मागे अमेरिकेत जाऊन, नागरिक होऊन मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा तिथला सरकारी आरोग्य विमा, मिळालेले कितीतरी मराठी आजी-आजोबा हिवाळ्याचे तीन-चार महिने पुण्यात, नाशकात, ठाण्यात काढतात. मेडिकेअर अमेरिकेबाहेर, मोजके अपवाद सोडता, काहीही देत नाही. इथल्या रुग्णालयाचे बिल नाही, इथे घेतलेल्या औषधांचे पैसे नाहीत, परत नेणाऱ्या रुग्णविमानाचा खर्च तर नाहीच. काहींनी घेतलेल्या पूरक मेडिगॅप योजनांत परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय असते, पण ती प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेल्या आजारापुरती. त्यातही आधीचे २५० डॉलर स्वतः भरायचे, मग ८० टक्के योजनेचे, आणि सगळ्या आयुष्यात मिळून मर्यादा ५०,००० डॉलरची. म्हणजे डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या माणसाला फेब्रुवारीच्या मध्यावर हृदयविकाराचा झटका आला, तर त्या दिवशी त्याच्यापाशी कोणताही विमा नसतो. भारतातच राहायचे ठरवून मेडिकेअरचा भाग ब (डॉक्टरांच्या आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या खर्चाचा) बंद केला आणि पुढे परतावे लागले, तर तो पुन्हा घेताना सोडलेल्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे १० टक्के जादा हप्ता कायमचा लागू होतो. म्हणून जाण्यायेण्याच्या तारखा ठरल्या की त्याच दिवशी मुक्कामाच्या सगळ्या काळापुरता स्वतंत्र प्रवास-आरोग्य विमा घ्यावा, आधीपासूनचे विकार त्यात धरले आहेत का ते विमा कंपनीकडून लेखी मागून घ्यावे, आणि त्या कागदाची एक प्रत पुण्यातल्या शेजाऱ्यांकडे ठेवावी, कारण रात्री दोन वाजता रुग्णवाहिका बोलावणारे तेच असतात.